चॅपेल हिलची १९ नंबरची जर्सी

चॅपेल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाकडून मिया हॅम १९८९ ते १९९३ या काळात चार हंगाम खेळली. त्या चार हंगामांत तिने १०३ गोल केले, ७२ गोलांसाठी शेवटचा पास (असिस्ट) दिला आणि चारही वेळा तिचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. ती खेळली ते सामने ९५. त्यांतले ९२ जिंकले, दोन बरोबरीत सुटले आणि हरला तो फक्त एक. हे आकडे सांगून झाले की लिहिणारे बहुधा तिच्या वेगाकडे आणि चेंडूवरच्या ताब्याकडे वळतात, आणि हे सारे तिच्या अंगातच होते असे म्हणून थांबतात. मला हे अपुरे वाटते. या आकड्यांचा उलगडा अमेरिकेच्या शिक्षणव्यवस्थेच्या इतिहासात आहे. हॅमच्या गुणवत्तेबद्दल वाद नाही. पण गुणवत्तेला मैदान लागते, शिकवणारा लागतो, शिष्यवृत्ती लागते आणि तोडीस तोड प्रतिस्पर्धीही लागतात. त्या काळात मुलींना या चारही गोष्टी एका ठिकाणी मिळायच्या त्या अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत. ती सोय आपोआप झालेली नव्हती. एका कायद्याने ती केली होती, आणि तो कायदा टिकवण्यासाठी दीड दशक भांडावे लागले होते.

हॅमचा जन्म १७ मार्च १९७२चा, अलाबामातल्या सेल्मा गावचा. त्यानंतर सव्वातीन महिन्यांनी, २३ जून रोजी, राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी शिक्षणविषयक कायद्यातल्या दुरुस्त्यांवर सही केली. त्यातले ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखले जाणारे कलम अवघे ३७ शब्दांचे आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगावरून कोणाला वगळता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. खेळाचा त्यात उल्लेखही नाही. प्रतिनिधिगृहातल्या एडिथ ग्रीन आणि पॅट्सी मिंक, आणि सिनेटमधले बर्च बाय यांच्यासमोर प्रश्न होता तो प्रवेशाचा, नोकऱ्यांचा आणि शिष्यवृत्त्यांचा. मिंक यांना तरुणपणी वैद्यकीय महाविद्यालयांनी नाकारले होते, तेव्हा हा अन्याय त्यांनी स्वतः भोगलेला होता. पण ‘शैक्षणिक उपक्रम’ म्हटले की अमेरिकेत खेळ त्यात येतोच, कारण तिथे खेळाडू घडतो तो क्लबात कमी आणि शाळेत जास्त. ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात आली ती कायद्याच्या विरोधकांना. १९७४ मध्ये सिनेटर जॉन टॉवर यांनी उत्पन्न मिळवणारे खेळ कायद्याबाहेर ठेवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. १९७५ मध्ये नियम आले आणि कॉलेजांना ते पाळण्यासाठी १९७८ पर्यंत मुदत मिळाली. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणारी राष्ट्रीय संघटना एनसीएए १९७६ मध्ये या नियमांविरुद्ध कोर्टात गेली आणि तिथे तिच्या पदरी काही पडले नाही. १९८४ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने ग्रोव्ह सिटी कॉलेजच्या खटल्यात निकाल दिला, की ज्या विभागाला सरकारी पैसा थेट मिळतो त्यालाच हे कलम लागू होईल. क्रीडा विभाग त्यामुळे जवळजवळ मोकळे झाले. चार वर्षांनी, १९८८ मध्ये, काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून नवा कायदा केला आणि सारी संस्था पुन्हा कलमाच्या कक्षेत आणली. पुढच्याच वर्षी हॅम कॉलेजात आली. ती दहा वर्षे आधी जन्मली असती तर तिला हीच वाट मिळाली असती असे म्हणता येत नाही.

तिच्या शाळेच्या दिवसांतही हा इतिहास दिसतो. वडील हवाई दलात अधिकारी, त्यामुळे घराचा मुक्काम सतत हलायचा. लहानपणीची काही वर्षे इटलीत गेली, मग टेक्ससमधल्या विचिटा फॉल्समध्ये. तिथे ती मुलांच्या संघांतून खेळली आणि नोत्र दाम कॅथलिक हायस्कूलमध्ये शिकली. पुढे कुटुंब व्हर्जिनियात आले आणि ती बर्क इथल्या लेक ब्रॅडॉक सेकंडरी स्कूलमध्ये दाखल झाली. त्या शाळेने १९८९ मध्ये मुलींच्या फुटबॉलचे राज्य अजिंक्यपद जिंकले. लेक ब्रॅडॉक ही वॉशिंग्टनच्या उपनगरातली, कायदा झाल्यानंतर वर्षभराने उघडलेली मोठी सरकारी शाळा. मुलींचा संघ, त्याचा प्रशिक्षक, त्याची बस, पंच, राज्यस्तरीय स्पर्धा हे सगळे हॅम आली तेव्हा तिथे तयार होते. १९७१-७२ मध्ये साऱ्या अमेरिकेतल्या हायस्कुलांत मिळून सुमारे ७०० मुली फुटबॉल खेळत होत्या. १९९०च्या आसपास हा आकडा एक लाखाच्या वर गेला होता. सगळे खेळ धरले तर १९७१-७२ मध्ये शाळांतल्या खेळाडू मुली तीन लाखांहून कमी होत्या आणि मुलगे छत्तीस लाखांच्या वर. दहा वर्षांच्या आत मुलींची संख्या अठरा लाखांपलीकडे गेली. इतक्या थोड्या काळात मुलींच्या अंगातली खेळण्याची हौस सहापट वाढली नसणार. दार बंद होते ते उघडले.

या उघडलेल्या दारातून आत गेल्यावर हॅमला भेटले अ‍ॅन्सन डोरन्स. मराठी वाचकासाठी एक गोष्ट नोंदवतो: या माणसाचा जन्म १९५१ मध्ये मुंबईत झाला. वडील तेल कंपनीत नोकरीला असल्यामुळे डोरन्स यांचे बालपण देशोदेशी फिरण्यात गेले, आणि अमेरिकेत त्या काळी परका समजला जाणारा हा खेळ त्यांना त्या भटकंतीत लाभला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ते आधी खेळाडू आणि १९७७ पासून पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षक होते. विद्यापीठात मुलींचा एक हौशी संघ होता. आपल्याला अधिकृत विद्यापीठ संघाचा दर्जा मिळावा अशी त्या मुलींची मागणी होती. १९७९ मध्ये, म्हणजे कायद्याची मुदत संपल्यावर वर्षभराने, तो दर्जा मिळाला आणि संघ डोरन्स यांच्याकडे आला. या घटनाक्रमाकडे सहसा दुर्लक्ष होते. पुढे डोरन्स यांच्या हाताखाली बावीस राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा हा संघ कोणा द्रष्ट्याच्या स्वप्नातून उगवला नाही. त्याच्या मुळाशी मुलींची मागणी होती आणि ती टाळणे विद्यापीठाला यापुढे कायद्याने अवघड जाणार होते. १९८१ मध्ये महिलांच्या स्वतंत्र संघटनेने, एआयएडब्ल्यूने, पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. ती चॅपेल हिलनेच जिंकली. पुढच्या वर्षी कोर्टात हरलेल्या एनसीएएनेच महिलांची स्पर्धा सुरू केली आणि एआयएडब्ल्यू बंद पडली. महिलांच्या खेळाची सूत्रे त्यामुळे बायकांच्या हातून बरीचशी निसटली, याची हळहळ वाटते. पण एनसीएएकडचा पैसा आणि व्याप त्या स्पर्धेला मिळाला हेही खरे.

डोरन्स यांची शिकवण्याची पद्धत हॅमच्या घडणीत निर्णायक होती, म्हणून ती थोडी सविस्तर सांगायला हवी. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवत. ती कल्पना डोरन्स यांनी उचलली आणि आपल्या खेळात फार पुढे नेली. एकास एक झुंज, हेडर, नेमबाजी, धावणे, सरावातले छोटे सामने, प्रत्येकात कोण जिंकले आणि कोण हरले हे टिपले जाई आणि खेळाडूंचा क्रम लावून सर्वांना दाखवला जाई. मैत्रिणीला सरावात उघडपणे हरवायला मुली कचरतात, हा संकोच मोडायचा होता. हॅम स्वभावाने लाजाळू होती आणि कौतुकाने अवघडून जाई, असे तिच्या सहकाऱ्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. अशा मुलीला रोज दुपारी संघातल्याच क्रिस्टीन लिलीसारख्या खेळाडूशी झुंजावे लागे, आणि त्या झुंजीची नोंद भिंतीवर लागे. शनिवारच्या सामन्यात प्रतिस्पर्धी दुबळा निघाला तरी सोमवारच्या सरावात तो दुबळा नसे. शाळेतल्या किंवा मुलांच्या संघातल्या हॅमला हे कुठेही मिळाले नसते, कारण तिथे तिच्या तोडीच्या इतक्या मुली एकत्र नव्हत्या. शिष्यवृत्त्यांमुळे देशभरातल्या अशा मुली एका गावात गोळा होऊ शकल्या.

हंगामांचा आलेख हेच दाखवतो. पहिल्या वर्षी, १९८९ मध्ये, हॅमचे २१ गोल आणि चारच असिस्ट आहेत. दुसऱ्या वर्षी गोल २४, पण असिस्ट १९. १९९१ चा हंगाम तिने सोडला, त्याविषयी पुढे येईल. परतल्यावर १९९२ मध्ये ३२ गोल आणि ३३ असिस्ट. गोलाला दोन आणि असिस्टला एक अशा अमेरिकी मोजणीने ९७ गुण. शेवटच्या वर्षी २६ गोल आणि १६ असिस्ट. या आकड्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो चारावरून तेहतिसावर गेलेला असिस्टचा आकडा. शाळेतून आलेली, चेंडू घेऊन एकटीच गोलकडे सुटणारी मुलगी तीन हंगामांत अशी खेळाडू झाली की तिच्याभोवती जमलेल्या बचावपटूंचा फायदा बाकीच्यांना मिळू लागला. उपजत वेगाने गोल होतात, पण एका हंगामात तेहतीस असिस्ट होत नाहीत. ते शिकावे लागते. १९९२ चा संघ पंचवीसच्या पंचवीस सामने जिंकला आणि अंतिम सामन्यात त्याने शेजारच्या ड्यूक विद्यापीठाला ९-१ असे हरवले. १९९२ आणि १९९३ अशी दोन्ही वर्षे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला दिली जाणारी हर्मन ट्रॉफी हॅमला मिळाली. १९९३ च्या अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाला ६-० असे नमवताना चॅपेल हिलच्या फेट्झर फील्ड मैदानावर साडेपाच हजारांहून अधिक प्रेक्षक होते. १९९४ मध्ये विद्यापीठाने तिची १९ नंबरची जर्सी निवृत्त केली.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. अंतिम सामने ९-१ आणि ६-० असे सुटत असतील तर स्पर्धाच पोकळ होती, आणि पोकळ स्पर्धेतल्या १०३ गोलांचे काय कौतुक? एनसीएएने १९८२ मध्ये पहिली स्पर्धा घेतली तेव्हा देशात महिलांचे संघ ऐंशीच्या आसपासच होते. नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ ते १९९४ सलग नऊ वर्षे ती स्पर्धा जिंकली. आक्षेपातला पहिला भाग मी मान्य करतो: सामन्यांत दरी होती, आणि कॉलेजातल्या गोलसंख्येवरून आजच्या खेळाडूंशी तुलना करू नये. पण दरी म्हणजे पोकळी नव्हे. हॅम हरली तो एकमेव सामना सप्टेंबर १९९० मधला. कनेक्टिकटने जादा वेळेत ३-२ असा विजय मिळवला आणि चॅपेल हिलची १०३ सामन्यांची अपराजित मालिका तोडली. त्याच हंगामाच्या शेवटी त्याच कनेक्टिकटला नॉर्थ कॅरोलायनाने ६-० असे हरवले. बाकीच्या विद्यापीठांकडे पाहिले तर मिशेल एकर्स सेंट्रल फ्लोरिडाची, ज्युली फाउडी स्टॅनफर्डची, जॉय फॉसेट बर्कलीची, ब्रँडी चॅस्टेन सांता क्लाराची. महिलांसाठीची पहिली हर्मन ट्रॉफी १९८८ मध्ये एकर्सला मिळाली होती. या सगळ्या पुढे जगज्जेत्या झाल्या. पोकळ स्पर्धेतून इतक्या जणी घडत नाहीत. हॅमचा गोलांचा विक्रमही कायमचा राहिला नाही. काही वर्षांतच डॅनियल फोटोपोलसने कॉलेजमध्ये ११८ गोल केले. घर बांधणाऱ्यांनी पाया घातला म्हणून पाया हेच घर ठरत नाही, तसेच या हंगामांचे आहे: ते सुरुवातीचे होते, आणि त्यांच्यावर बरेच उभे राहिले.

दुसरा आक्षेप असा, की हॅम कॉलेजात येण्याआधीच राष्ट्रीय संघात होती, मग तिला कॉलेजने घडवले कसे म्हणावे? ३ ऑगस्ट १९८७ रोजी, पंधराव्या वर्षी, चीनमधल्या तियानजिन इथे ती देशाकडून पहिला सामना खेळली. इतक्या लहान वयात अमेरिकेकडून कोणी खेळले नव्हते. आक्षेप बरोबर वाटतो, पण त्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक कोण होते? डोरन्सच. टेक्ससमधल्या गुणवंत मुलींच्या निवड शिबिरांतल्या एका प्रशिक्षकाने त्यांना या मुलीबद्दल कळवले होते. अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघाने पहिला सामना खेळला तोच मुळी १९८५ मध्ये, इटलीत. त्या संघात जायला व्यावसायिक क्लब किंवा लीग नव्हती. कॉलेजातल्या मुली सुट्टीत एकत्र येत आणि स्पर्धा संपली की आपापल्या वर्गात परत जात. म्हणजे पंधराव्या वर्षी हॅम राष्ट्रीय संघात गेली तेव्हाही ती कॉलेजांच्याच जगात गेली होती. याच काळात बाकी जगात काय होते ते पाहिले की हा मुद्दा स्पष्ट होतो. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या संलग्न क्लबांच्या मैदानांवर महिलांना बंदी केली आणि ती जवळजवळ पन्नास वर्षे टिकवली. पश्चिम जर्मनीच्या संघटनेची बंदी १९५५ पासून १९७० पर्यंत होती. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत महिलांना फुटबॉल मनाई होती. या देशांत फुटबॉल ही पुरुषांची मिरास होती आणि तिचे राखणदार बलवान होते. अमेरिकेत पुरुषांची मिरास होती ती अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉलची. साध्या फुटबॉलवर हक्क सांगणारे कोणी नव्हते, त्यामुळे मुलींना नवा खेळ द्यायचा म्हटल्यावर कॉलेजांनी तो बिनबोभाट दिला. कायदा आणि ही मोकळी जागा एकाच वेळी मिळणे हा योग होता हे कबूल केले पाहिजे. पण कायदा नसता तर ती जागा रिकामीच राहिली असती.

तिसरा आक्षेप कायद्याच्या न्याय्यतेचा आहे. पुरुषांचे कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सचे संघ या कलमापायी बंद पडले, असे अमेरिकेत अनेक वर्षे म्हटले जाते. संघ बंद पडले हे खरे आहे. पण पहिल्या श्रेणीच्या वरच्या गटातल्या अमेरिकन फुटबॉल संघाला २०२५ पर्यंत ८५ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती. तो आकडा हात न लावता ठेवायचा आणि कुस्तीवर कुऱ्हाड घालायची हा निर्णय विद्यापीठांचा होता, कायद्याने तो सांगितलेला नव्हता. याहून खोल दोष मला दुसरीकडे दिसतो. उघडलेले दार सगळ्यांसाठी सारखे उघडले नाही. मुलींचे फुटबॉल फोफावले ते सुखवस्तू उपनगरांत, जिथे पालकांकडे गाडी, वेळ आणि क्लबांची फी होती. लेक ब्रॅडॉक अशाच उपनगरात आहे. १९९९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्या अकरांत कृष्णवर्णीय खेळाडू एकटी गोलरक्षक ब्रायाना स्करी होती. कलम लिंगावरच्या भेदाविरुद्ध होते. वर्ण आणि पैसा यांवरच्या भेदाला त्याने धक्का लावला नाही. एकाच माणसाच्या हाती कॉलेजचा आणि देशाचाही संघ असण्यातही धोका होता. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरन्स यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करून खटला भरला. डोरन्स यांनी गैरवर्तन केल्याचे नाकारले. दोन्ही दावे तडजोडीने मिटले, दुसरा २००८ मध्ये. चॅपेल हिलची विजेतेपदे मोजताना ही नोंद वगळणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

१९९१ चा हंगाम हॅमने सोडला तो पहिल्या महिला विश्वचषकासाठी. कॉलेजच्या नियमांत पाच वर्षांत चार हंगाम खेळण्याची मुभा होती, तिचा उपयोग तिने केला. अमेरिकेच्या त्या संघाची कर्णधार एप्रिल हाइनरिक्स चॅपेल हिलची, प्रशिक्षक चॅपेल हिलचे, आणि खेळाडूंतही मोठा वाटा तिथल्याच मुलींचा. हॅम एकोणीस वर्षांची होती आणि स्वीडनविरुद्धच्या ३-२ अशा विजयात तिचाही गोल होता. सामने ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. ३० नोव्हेंबरला ग्वांगझोऊ इथे एकर्सच्या दोन गोलांवर अमेरिकेने नॉर्वेला २-१ असे हरवले. अमेरिकेने फुटबॉलचा विश्वचषक प्रथमच जिंकला होता, आणि जिंकून आणणाऱ्या मुलींपैकी काही जणींना लगेच पुन्हा वर्गात जाऊन बसायचे होते.

१९९४ मध्ये हॅमला राज्यशास्त्राची पदवी मिळाली. कायद्याची हद्द इथे संपत होती, कारण तो शिक्षणसंस्थांचा कायदा होता आणि पदवी घेतलेल्या खेळाडूला त्याचा काही उपयोग नव्हता. बावीस वर्षांची, देशातली सर्वोत्तम फुटबॉलपटू, आणि तिला खेळायला देशात एकही व्यावसायिक महिला लीग नाही. पुढची काही वर्षे ती आणि तिच्या सहकारी मुख्यतः राष्ट्रीय संघाच्या शिबिरांवर आणि सामन्यांवर राहिल्या. त्याच संघाने १९९६ मध्ये अटलांटाचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, आणि १० जुलै १९९९ रोजी रोझ बोल स्टेडियममध्ये ९०,१८५ प्रेक्षकांसमोर दुसरा विश्वचषक. त्या गर्दीच्या जोरावर २००१ मध्ये डब्ल्यूयूएसए ही व्यावसायिक लीग सुरू झाली आणि हॅम वॉशिंग्टन फ्रीडमकडून खेळू लागली. तीन हंगामांनंतर, सप्टेंबर २००३ मध्ये, अमेरिकेतच होणाऱ्या पुढच्या विश्वचषकाला पाच दिवस उरले असताना, पैसे संपल्यामुळे ती लीग बंद झाली. कॉलेजांतले महिला संघ मात्र त्या शरद ऋतूत आपल्या ठरलेल्या वेळापत्रकाने खेळत होते.